गवतावरून सरकणारा बगळा

नेपाळातल्या कोशी नदीच्या पूर्वेकडच्या बांधावरून खाली उतरलं की शिसवाच्या झाडांतून एक पायवाट निघते आणि नदीच्या जुन्या फाट्याच्या काठाकाठाने दलदलीत शिरते. वाटेत ना चढ, ना दगड. म्हाताऱ्या बायका सपाता घालून फिरून येतात, नवी जोडपी फोटो काढत रेंगाळतात. मध्ये मध्ये जागा साफ करून मोकळी अंगणं केली आहेत. थंडीत इटहरी, धरान, पार विराटनगरहून बस भरभरून माणसं तिथे सहलीला येतात. मोठ्या पातेल्यात मटण शिजतं, स्पीकरवर गाणी लागतात, पोरीबाळी नाचतात. पाण्यावर चक्रवाकांचे थवे उतरलेले असतात, तेही या गोंगाटाला सरावलेत.

त्या सोप्या वाटेला अख्ख्या गावात एकच बाई मरणाची भ्यायची, आणि पाहुण्यांना त्या वाटेने फिरवून आणायचं कामही तिचंच होतं. तिचं नाव रधिया चौधरी.

काम ती छान करायची. गावच्या पर्यटन समितीने दिलेलं हिरवं जाकीट, गळ्यात दुर्बीण, पायात नवऱ्याचे जुने रबरी बूट. फार बोलायची नाही. चालता चालता मध्येच थांबायची, हात वर करून मागच्यांना थांबवायची आणि मान तिरकी करून ऐकत राहायची. पाहुण्यांना वाटायचं, ही पाखराचा आवाज टिपतेय. "काय कान आहेत बाईंचे!" असं कुणी म्हणालं की ती ओशाळून हसायची. खरं तर गवतात कुणाचा श्वास ऐकू येतोय का, एवढंच ती ऐकत असायची.

पाखरं ती शिकली तीही भीतीपायीच. टिटवी माणसावर कशी ओरडते आणि जनावरावर कशी, वंचक पाखरू उगाच उठलं की दचकून उठलं, हे तिला जाणून घ्यावं लागलं. सगळ्यांत तिला धडकी भरायची ती पांढऱ्या बगळ्याची. उडणाऱ्या बगळ्याची नाही, उंच गवताच्या शेंड्यांवरून पंख न हलवता संथ सरकत जाणाऱ्या बगळ्याची. बगळा काही गवतावर तरंगत नसतो. तो कुणाच्या तरी पाठीवर उभा असतो, आणि ती पाठ गवताच्या आत चालत असते.

त्या टापूत रानम्हशींचे कळप आहेत. तिकडे त्यांना अर्ना म्हणतात. कळप सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. पण कळपातून हाकलून लावलेला एकटा नर असेल तर त्याचा काही भरवसा नाही. अशाच एका नराने रधियाचा नवरा झमेली मारला होता.

मुलगी तेव्हा शाळेत होती. माघात काही दिवस रान गावकऱ्यांना गवत कापायला खुलं करतात, तेव्हा छपरासाठी खर, म्हणजे उंच गवत, कापायला नवराबायको गेले होते. झमेली विनोदी माणूस. विळा चालवता चालवता तो शेजारच्या गावातल्या सरपंचाची नक्कल करत होता. रधिया हसत होती. हसता हसता तिने मान वर केली तर झमेलीच्या मागचं गवत दुभंगलं. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवायचं. ती भारा बांधायला खाली बसलेली होती, तशीच आडवी पडली. तिच्यापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर ते चाललं होतं. तिने ओरडायला तोंड उघडलं. ते तोंड उघडंच राहिलं, आवाज काही आला नाही. दुसऱ्या बाजूला गवत कापणारी माणसं जवळच होती. ती आली तेव्हा सगळं संपलेलं होतं आणि रधियाच्या उघड्या तोंडात गवताचा भुगा गेला होता.

झमेलीला लहानाचा मोठा केला होता त्याच्या थोरल्या बहिणीने, तेतरीने. तेतरीचा नवरा लग्नानंतर पंजाबात मजुरीला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून ती माहेरीच राहिली. भावाचं प्रेत अंगणात होतं तेव्हा ती रधियासमोर येऊन बसली आणि सगळ्यांसमक्ष तिने विचारलं, "तू ओरडली का नाहीस?"

रधियाला तेव्हाही बोलता आलं नाही.

तेतरीने पुन्हा कधी विचारलं नाही. दोघी एकाच अंगणात राहिल्या. रधियाच्या मुलीचं लग्न दोघींनी मिळून केलं. समितीने गावातल्या बायकांना पक्षी दाखवायचं शिक्षण द्यायचं ठरवलं तेव्हा घरचा कर्ता माणूस गेलेली म्हणून रधियाचं नाव पहिलं आलं, आणि चूल पेटती ठेवायची म्हणून ती हो म्हणाली. तेतरीने वाटेवरच्या पहिल्या अंगणात चहाचं खोपटं घातलं. चहा, मुरमुऱ्यांचा भुजा, उकडलेली अंडी, सांगून ठेवलं तर घोंघीचा, म्हणजे गोगलगायींचा, रस्सा. तोंड तिचं तिखट. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती रधियाला कनियाँ, म्हणजे नवी नवरी, अशीच हाक मारायची, आणि त्या हाकेत माया किती आणि टोचणी किती हे रधियाला कधी उमगलं नाही.

"कनियाँ, हळू चाल गं, पाहुण्यांच्या आधी तूच पळशील," ती गिऱ्हाइकांना चहा देता देता म्हणायची. "आमची कनियाँ बेडकाने उडी मारली तरी बूट सोडून पळते!"

लोक हसायचे. रधियाही हसायची. मग पुढे जाऊन एखाद्या झाडाआड थांबून ती हाताचे तळवे जाकिटाला पुसायची, कारण ते ओले झालेले असायचे.

त्या वर्षी माघी संक्रांतीला, म्हणजे मकरसंक्रांतीला, दाट धुकं होतं. बांधावर सकाळीच बस लागल्या होत्या. धुक्यात गाणी वाजत होती, माणसं दिसत नव्हती. ऊन वर आल्यावर जरा उघडलं, तेव्हा रधियाकडे धरानचं एक वयस्क जोडपं आलं. नवरा पर्शुराम लावती, परदेशी पलटणीत नोकरी करून आलेला; अशा माणसाला तिकडे लाहुरे म्हणतात. तोफांच्या आवाजाने त्याचे कान गेलेले, त्यामुळे तो सगळं ओरडूनच बोलायचा. बायको आइतमाया ठेंगणी, गोल, पाठीवर जेवणाची पिशवी.

"बहिनी, गरुड दाखवशील का? तो टकल्या, मोठा!" लाहुरे गरजला.

"हळू बोल रे म्हाताऱ्या," आइतमाया म्हणाली. "तुझ्या आवाजाने गरुड उडून चीनला जाईल."

तेतरीच्या खोपट्यात चहा झाला. तेतरीने तिळाचे लाडू हातावर ठेवले, पैसे घेतले नाहीत, सणाचा दिवस होता. "जा," ती रधियाला म्हणाली, "आणि लाहुरेबांना घेऊनच परत ये. म्हाताऱ्यांना टाकून पळू नकोस."

वाटेवर त्या दिवशी पाखरांची चंगळ होती. जलपर्णीवर कमळपक्षी नाचत होते, मुग्धबलाक गोगलगायी फोडत होते, लाहुरेला त्याचा टकल्या गरुड, म्हणजे तिकडचा उंच टकला करकोचा, तोही मिळाला. तो एका वठलेल्या झाडावर रुसलेल्या सासऱ्यासारखा बसला होता. लाहुरे एवढा खूश झाला की त्याने गरुडाला सलाम ठोकला. रधियाला हसू आलं. क्षणभर ती ऐकायचं विसरली.

सगळ्यांत शेवटचं अंगण पाण्याकाठी आहे. तिथे गर्दी पोचत नाही. बाजूलाच लाकडी मचाण आहे. आइतमायाने चटई पसरली, सुकवलेल्या मांसाचं तोंडीलावणं, उकडलेले तरुलाचे कंद आणि भात काढला, रधियालाही आग्रहाने बसवलं. जेवण अर्धं झालं नसेल, तोच नदीकडून पुन्हा धुकं चढलं. आधी पैलतीर गेला, मग पाणी गेलं, मग वठलेलं झाड. सहलीची गाणी दूर कुठेतरी खोल विहिरीत वाजावीत तशी येऊ लागली.

रधियाने घास हातात धरला होता. गवत अजून पुसलं गेलं नव्हतं, त्याचे शेंडे तेवढे धुक्याच्या वर दिसत होते. त्या शेंड्यांवरून एक पांढरा बगळा पंख न हलवता सरकत येत होता.

घास चटईवर पडला.

"काय झालं?" लाहुरे ओरडला.

रधियाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. परक्या, वडीलधाऱ्या पुरुषाच्या तोंडावर! दुसऱ्या हाताने तिने मचाणाकडे बोट केलं. आइतमाया शहाणी बाई. तिने काही विचारलं नाही, फक्त पिशवी उचलली आणि नवऱ्याची कॉलर धरली. म्हातारी आधी चढली, मग म्हातारा, मागून रधिया. शिडीची पायरी कुरकुरली तेव्हा तिला वाटलं, आपलं काळीजच करकरलं.

वर तिघं एकमेकांना चिकटून बसली. बगळा जवळ आला. गवत बाजूला झालं आणि अंगणात आधी शिंगं आली. हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाएवढा त्यांचा पसारा. मग काळं कपाळ, मग चिखलाने थापलेली पाठ. अर्न्याने चटईवरचा भात हुंगला आणि नाकातून फुस्स करून उडवला. त्याच्या एका डोळ्याखाली ताजी जखम होती. कळपातल्या नराने हाकललेला होता तो.

लाहुरेचा हात रधियाच्या हाताला लागत होता. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. या माणसाने लढाया पाहिल्या आहेत, असं तिच्या मनात आलं, आणि तिची भीती आणखी वाढली.

आपण वर आहोत. तो जाईल. थोडा वेळ गप्प बसलं की झालं. ती स्वतःला हे समजावत होती, तेवढ्यात वाटेच्या बाजूने धुक्यातून हाक आली.

"कनियाँ! ए कनियाँऽऽ!"

तेतरी होती. पहाटे एक अर्ना पाणी पोहून अलीकडे आल्याची खबर रान राखणाऱ्या सैनिकांच्या चौकीवरून खोपट्यापर्यंत आली होती. बांधाजवळच्या सायकलवाल्याला त्याने उडवलं होतं. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, तर ही पदर खोचून एकटीच निघाली होती.

अर्न्याने मान वर केली. त्याचे कान हाकेकडे वळले.

"कनियाँ, कुठे मेलीस गं? पाहुण्यांना घेऊन माघारी फिर!"

रधियाने ओरडायला तोंड उघडलं. दिदी, मागे जा, पळ, असं ओरडायचं होतं. छाती भरून श्वास घेतला होता. आवाज आला नाही. तिने लाहुरेला खूण केली, तर त्याला हाक ऐकूच आली नव्हती. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. आइतमाया डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

अर्ना हाकेच्या दिशेने चालू लागला. घाई न करता, आपल्याच वावरात चालल्यासारखा.

रधिया खाली कशी उतरली हे तिला नंतर सांगता यायचं नाही. धीर आला होता असं मुळीच नाही. एक पायरी चुकून ती आपटलीसुद्धा. वाटेने जाणं शक्य नव्हतं, वाटेवर तो होता. ती पाण्यात उतरली. माघातलं कोशीचं पाणी, मांड्यांपर्यंत सुरी फिरावी तसं. जलपर्णी बाजूला सारत ती काठाकाठाने पुढे निघाली. डाव्या हाताला, गवताच्या पलीकडे, तिच्याच चालीने खूर चिखलात रुतत आणि निघत होते. मध्येच ते थांबले. तीही थांबली. बुटात पाणी बुडबुडत होतं, तो आवाज तिला नगाऱ्याएवढा वाटला.

खूर पुन्हा चालू लागले. ती अर्धी पळत, अर्धी पोहत पुढे गेली आणि वाटेवर चढली तर समोर तेतरी, हातात काठी.

"मेले, ओ द्यायला काय झालं तुला? माझा जीव..."

रधियाने तिला कमरेला धरून ढकललं. वाटेच्या कडेने पावसाचं पाणी जायला खणलेला चर होता. त्या चरात दोघी पडल्या, तेतरी खाली, रधिया वर. तेतरी चवताळून काही बोलणार, तोच तिने रधियाच्या खांद्यावरून वर पाहिलं.

तो आला होता.

चर अरुंद होता म्हणून वाचल्या. अर्न्याने मान खाली घातली, पण शिंगं दोन्ही काठांना अडली. त्याने माती उकरली. ढेकळं रधियाच्या पाठीवर पडली. त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता, ऊन, कुजक्या गवताच्या वासाचा. त्याने एका बाजूने शिंग घातलं, जाकीट टराटरा फाटलं आणि पाठीवरून काहीतरी जळत गेलं. रधियाने तोंड तेतरीच्या मानेत खुपसलं. तेतरीचं सगळं अंग ताठ झालं होतं आणि तिच्या लुगड्यातून काहीतरी ऊबदार ओल पसरत होती, तिला ते कळतही नव्हतं.

मग दूर कुठेतरी ठणठणाट सुरू झाला. भांड्यावर भांडं. आणि त्यावर एक पहाडी, बहिरा, फाटका आवाज:

"ए काळ्या! इकडे ये! इकडे बघ, हलकट! इकडे!"

लाहुरे मचाणावर उभा राहून जेवणाचा डबा कठड्यावर बडवत होता. अर्न्याने मान उचलली. त्याला काय वाटलं कोण जाणे. तो वळला आणि धुक्यात त्या आवाजाकडे धावत गेला. लाकडावर धडक बसल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा. आइतमायाची किंकाळी आली. मग गवत मोडत गेल्याचा आवाज, पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज, आणि मग शांत.

दोघी चरातून उठल्या नाहीत. धुकं विरेपर्यंत तशाच पडून राहिल्या. चौकीची हत्तीण घेऊन सैनिक आले तेव्हा त्यांना आधी लाहुरे भेटला. मचाणाचा एक खांब तिरका झाला होता आणि म्हातारा अजून डबा बडवतच होता. खाली यायला तो तयार होईना. शेवटी बायको म्हणाली, "लढाई संपली रे, म्हाताऱ्या," तेव्हा तो उतरला आणि चटईवर बसून मुलासारखा रडला.

रधियाच्या पाठीला टाके पडले. अर्न्याला हत्तिणीने हाकत पाण्यापलीकडे लावून दिलं. वाट काही दिवस बंद राहिली. धरानहून लाहुरेने नवं जाकीट पाठवलं, ते एवढं मोठं होतं की रधियाला गुडघ्यांपर्यंत आलं.

तेतरी मात्र आजारी पडल्यासारखी झाली. खोपट्यात जाईना, बोलेना, ताटावर बसली की नुसती भात चिवडायची. गावात लोक रधियाची वाहवा करायचे, तेतरीसमोर करायचे, तरी तेतरी मान वर करत नसे.

एका सकाळी रधिया पालथी झोपली होती. पाठ अजून ठणकत होती. तेतरी तेल घेऊन आली, पण जखमेला हात लावायचं तिला होईना. वाटी धरून बसून राहिली.

"कनियाँ," ती म्हणाली, "मी तोंड उघडलं होतं. चरात. तो वर दिसला तेव्हा."

"हं."

"आवाजच आला नाही गं."

रधियाने उशीत तोंड घातलं. "नाही येत, दिदी."

तेतरी रडू लागली. गळा काढून नाही, घरात कुणी निजलं असावं तशी हळू. रडता रडता ती म्हणाली, "मी सगळ्या गावासमोर विचारलं होतं तुला." रधियाने हात मागे नेऊन तिचा गुडघा चाचपला आणि तिथे हात ठेवला.

फाल्गुन लागला तेव्हा वाट पुन्हा उघडली. पाखरं परतायला निघाली होती, शेवटचे पाहुणे येत होते. रधिया बूट चढवत होती. तेतरी ओसरीत ताट घेऊन बसली होती, भात तसाच.

"किती दिवसांनी जाते गं ही भीती?" तिने विचारलं.

खोटं सांगावं असं रधियाच्या मनात आलं. मग ती बूट काढून तिच्याजवळ येऊन बसली.

"जात नाही, दिदी. मला अजून रोज वाटते. आत्ताही वाटतेय, हात बघ." तिने ओले तळवे दाखवले. "पण भात जायला लागतो हळूहळू. आधी पातळ कर, मीठ घाल."

रधियाने तिच्या भातात डाळ ओतली, मिरची चुरली. तेतरीने एक घास खाल्ला. मग थांबून दुसरा. बांधावरून कुणीतरी रधियाला हाक मारत होतं, पाहुणे आले होते. ती ताट अर्धं होईपर्यंत बसून राहिली, मग उठली, आणि दुर्बीण गळ्यात अडकवून बांधाकडे चालू लागली.